गहाळ

मावशीच्या उजव्या मनगटावर तांबडी रेघ उठली होती. कटरचं पातं कातडीला घासून गेलं होतं, रक्त तेवढं आलं नव्हतं. तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाडी लागली, दारात नेहमीसारखी झुंबड उडाली, मागून दोघीतिघींनी रेटलं. सीटवर टेकून पदर सारखा करताना तिच्या लक्षात आलं, की बांगड्या आहेत, पाटली नाही. अडीच तोळ्यांची पाटली. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या हाताने तिच्या हातात घातलेली.

मी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘मावशी, पाटली जुनी होती ना? ढिली झाली असंल. गर्दीत पडली असंल.’’

‘‘पडली नाही हो, कापली. ही रेघ बघा.’’

‘‘कापताना कुणाला बघितलं का तुम्ही?’’

‘‘बघितलं असतं तर हात सोडला असता का मी?’’

‘‘मग चोरी कशी म्हणायची? गहाळ म्हणून नोंद घेतो, पाच मिनिटांत दाखला देतो. गुन्हा दाखल केला की पंचनामा, जबाब, कोर्टाच्या तारखा. ह्या वयात कशाला दगदग?’’

सोबत आलेल्या मावसभावाने मान डोलावली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. पाच मिनिटांत कागद हातात आला. त्यावर पाटलीचं वजन होतं, मावशीचं वय होतं, स्टँडचं नाव होतं, आणि मधोमध शब्द होता : गहाळ. त्या महिन्यात त्या ठाण्याच्या हद्दीतल्या चोऱ्यांच्या आकड्यात एकाचीही भर पडली नाही.

देशात गुन्हे वाढले की घटले, कुठलं शहर बायकांसाठी सुरक्षित, कुठलं राज्य बिघडलं, याच्या चर्चा आपण वर्षभर करतो, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी अशा लाखो टेबलांवर वापरलेला किंवा टाळलेला एकेक शब्द असतो. ठाण्यात गुन्हा नोंदला गेला की त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, ज्याला सगळे गु.र.नं. म्हणतात. ठाण्याचे आकडे जिल्ह्याला जातात, जिल्ह्याचे राज्याला, आणि राज्यांचे दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल मात्र त्याच्याही आधीपासून, १९५३ पासून निघतो. एवढी लांब, सलग मालिका फार थोड्या देशांकडे असेल आणि ती सांभाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ही मालिका नोंदवलेल्या गुन्ह्यांची आहे, घडलेल्या गुन्ह्यांची नाही. हे खुद्द एनसीआरबीच बजावून सांगते, की नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीचा मथळा होईपर्यंत नेमकं तेवढंच वाक्य गळून जातं.

मोजणीच्या नियमांमुळेही चित्र बदलतं. एका फिर्यादीत चार गुन्हे असले, तर सर्वांत कडक शिक्षेचा एकच धरला जातो. बलात्कार करून खून झाला, तर तो खुनांत मोजला जाऊ शकतो आणि बलात्काराच्या रकान्यातून निसटतो. दर काढायचा तो लाख लोकसंख्येमागे, आणि २०११ नंतर जनगणना झालेली नसल्याने ती लोकसंख्याही अंदाजाची. शिवाय आकड्यात येतात ते दखलपात्र गुन्हे. अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला ‘एनसी दिली’ म्हणतो, ती त्या बेरजेत नसते. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली. तीत पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, ऐवज परत केला आणि पहिलाच गुन्हा असला तर, समाजसेवेच्या शिक्षेवर आणली आहे आणि ती अदखलपात्र ठरवली आहे. पहिल्यांदा चूक केलेल्या पोराला तुरुंगापासून वाचवणारी ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते. पण उद्या चोऱ्यांचा आकडा खाली आला, तर त्यातला काही भाग या रेषेमुळे आलेला असेल, चोर सुधारल्यामुळे नव्हे.

२०२० साल आठवा. रस्ते ओस, दुकानं बंद, माणसं घरात. चोऱ्या आणि घरफोड्या घटल्या. आणि तरी त्या वर्षी देशातले एकूण दखलपात्र गुन्हे ५१ लाख ५६ हजारांवरून ६६ लाखांवर गेले, जवळजवळ २८ टक्क्यांनी वाढले. सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. २०१९ मध्ये या कलमाखाली २९,४६९ गुन्हे होते. २०२० मध्ये ते ६,१२,१७९ झाले. दूध आणायला बाहेर पडलेला, गावाकडे पायी निघालेला, मास्क हनुवटीवर आलेला, असे सगळे त्या आकड्यात आहेत. पुढच्या वर्षी आकडा उतरला तेव्हा ‘गुन्हेगारीत घट’ म्हणूनही छापून आलं.

याच्या उलट गोष्ट दिल्लीची. २०१२ साली दिल्लीत भारतीय दंडविधानाखाली नोंदलेले गुन्हे सुमारे ५४ हजार होते. २०१५ साली ते १ लाख ९१ हजारांच्या पुढे गेले. तीन वर्षांत साडेतीनपट. तेवढे चोर काही तीन वर्षांत जन्माला आले नव्हते. मधल्या काळात डिसेंबर २०१२ ची सामूहिक बलात्काराची ती भयंकर घटना घडली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांवर नोंद करण्याचा दबाव आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. मग वाहनचोरीसारख्या गुन्ह्यांची नोंद घरबसल्या ऑनलाइन करता येऊ लागली. टेबलापलीकडचा ‘पडली असंल’ म्हणणारा माणूस मधून हटला आणि आकडा वर उसळला. त्याच काळात देशभरात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मधल्या २४,९२३ वरून २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. कायद्यातली व्याख्या रुंदावली होती आणि अशी फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला कैदेची तरतूद आली होती. तो चढता आकडा बघून अनेकांचं काळीज हललं. माझ्या मते त्या वर्षी फिर्याद द्यायला उंबरा ओलांडून आलेल्या बायकांचं धैर्य त्या आकड्यात होतं, आणि त्याकडे भीतीने न बघता आदराने बघायला हवं होतं.

पोलीस नोंद का टाळतात, हे समजून घ्यायला मी एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. त्यांची निम्मी नोकरी क्राइम रायटर म्हणून गेली. अक्षर अजूनही मोत्यासारखं. त्यांनी एकच जोडशब्द सांगितला : दाखल-उघड. ‘‘दर महिन्याला क्राइम मीटिंग. साहेब विचारणार, दाखल किती, उघड किती. दाखल दहा आणि उघड तीन, तर सगळ्यांच्या देखत उभं राहून ऐकून घ्यायचं. दाखल चार आणि उघड तीन, तर शाबासकी. आता तुम्हीच सांगा, पाकीटमारीचा गुन्हा कोण लिहून घेईल? तो उघड होतच नाही. घेतला की आयुष्यभर तो आपल्या टेबलावर.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘गाडीचोरी मात्र आम्ही कधी टाळली नाही. विमा कंपनीला एफआयआर लागतोच. आणि मयत लपत नाही.’’

मयत लपत नाही. गुन्हे मोजू पाहणारा जगातला कुठलाही अभ्यासक अखेर तिथेच येऊन थांबतो. बेल्जियमच्या आडॉल्फ केतलेने १८३० च्या दशकात फ्रान्सच्या न्यायालयांचे आकडे मांडले, तेव्हा दरसालची नियमितता बघून तो चकित झाला होता. त्याच वेळी त्याला हेही कळलं होतं, की कधीच उजेडात न येणाऱ्या गुन्ह्यांचा एक मोठा हिस्सा या आकड्यांच्या मागे अंधारात आहे. खुनाच्या बाबतीत तो अंधार सर्वांत कमी. प्रेत असतं, दवाखाना असतो, नातेवाईक असतात, गाव असतं. म्हणून काळ बदलला की नाही हे बघायचं, तर मी आधी खुनांचा रकाना बघतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात वर्षाला ४० हजारांच्या आसपास खून नोंदले जात होते, लाख लोकसंख्येमागे चारांहून अधिक. २०२२ साली २८,५२२ खून नोंदले गेले, लाखामागे २.१. लोकसंख्या मधल्या काळात दीडपटीहून जास्त झाली. म्हणजे आपल्या आजूबाजूला दिसतं त्याच्या उलट, या देशात माणूस माणसाला पूर्वीपेक्षा कमी मारतो आहे. हे मी लोकांना सांगतो तेव्हा कुणाचाच विश्वास बसत नाही.

खुनातही सगळंच उजेडात असतं असं नाही. माझ्या लहानपणी पेपरात दर आठवड्याला ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी असायची. सुनांचाच पदर स्टोव्हवर कसा पेट घेत होता, आणि सासूचा कसा कधी नाही, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी लावून धरला. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. आधी ‘आकस्मिक मृत्यू’च्या नोंदीत बुजलेल्या त्या मुली पहिल्यांदा गुन्ह्याच्या रकान्यात आल्या. २०२२ सालीही साडेसहा हजारांच्या आसपास हुंडाबळी नोंदले गेले. रकाना नव्हता तेव्हाही त्या मरत होत्याच.

खून का होतात, हेही एनसीआरबीच्या अहवालात लिहिलेलं आहे. २०२२ च्या नोंदींत सर्वांत मोठं कारण ‘वाद’ : ९,९६२. वैयक्तिक वैर ३,७६१. पैशाच्या वा इतर लाभासाठी १,८८४. सिनेमातला सुपारीबहाद्दर आणि दरोडेखोर या यादीत फार खाली राहतो. वर असतात भाऊ, भावकी, शेजारी, नवरा. आणि आपल्याकडे वादाचं सर्वांत जुनं, सर्वांत चिवट रूप म्हणजे बांध.

बांध कोरणं म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकाला सांगायला हवं. दोन शेतांमधला मातीचा वरंबा म्हणजे बांध. दर नांगरटीला शेजारी नांगर जरा आत घालतो, दोन बोटं माती आपल्या बाजूला ओढतो. दहा वर्षांत हातभर जमीन सरकते. कुणी म्हणेल, हातभर जमिनीसाठी माणूस मारतात? पण जमिनीच्या मोलासाठी कुणी मारत नाही. ‘तुझा बाप गेला, आता तुझ्यात काय दम आहे’ हे त्या कोरलेल्या बांधातून दरसाल ऐकवलं जात असतं. माझ्या आजोळच्या गावात असाच एक वाद तीन पिढ्या चालला. मोजणीचा अर्ज, तारीख, मोजणीदार आला तर समोरचा गैरहजर, पुन्हा अर्ज, दिवाणी दावा, स्थगिती. मधून मधून शिवीगाळ, ढकलाढकली, आणि ठाण्यात एनसी. दोन्ही बाजूंच्या मिळून किती एनसी झाल्या, याचा हिशोब कुणीच ठेवला नाही, कारण एनसीचा हिशोब कुठे वर जातच नाही. एका मृग नक्षत्रात पेरणीच्या सकाळी कुऱ्हाड चालली. मग एकच गु.र.नं. पडला आणि त्या साली देशाच्या बेरजेत एकाची भर पडली.

म्हणून गुन्ह्याची कारणं शोधायला नुसतं गुन्हेगाराच्या डोक्यात डोकावून भागत नाही, भूमी अभिलेख कार्यालयाच्या बाहेर चकरा मारणाऱ्या माणसांच्या रांगेतही बघावं लागतं. वेळेवर आणि नीट झालेली जमिनीची मोजणी हा खून रोखण्याचा एक उपाय आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्राने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या मागे हीच समज होती. अनेक गावांत पारावर बसून जुने वाद मिटलेही. पण गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळवायचं म्हटल्यावर मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला ‘घे मिटवून’ म्हणणं सोपं होतं, हेही खरं. आकडा खाली आणण्याला बक्षीस ठेवलं, की तक्रार करणाऱ्यावरच दडपण येतं. क्राइम मीटिंगमध्ये आणि पारावर, दोन्हीकडे तेच.

त्या बायकोचं काय होतं, हे पोलिसांच्या वहीतून कळतच नाही. ते कळतं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून, जिथे प्रशिक्षित बाई घरी येऊन, एकांतात, नेमके प्रश्न विचारते : कानाखाली मारली का, ढकललं का, पोळवलं का. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के जणी मदत मागायला गेल्या नाहीत, कुणापाशी बोलल्याही नाहीत. मदत मागणाऱ्याही बहुतेक माहेरी जातात. पोलिसांपर्यंत फारच थोड्या पोचतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आणि इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकापासून सर्वच गुन्ह्यांबाबत असं घरोघर विचारलं जातं : गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय घडलं, आणि तुम्ही पोलिसांत गेलात का? आपल्याकडे काही संस्थांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत असे प्रयत्न केले. चोरीसारख्या गुन्ह्यातही एफआयआरपर्यंत पोचणारे मोजकेच, हे त्यांतून दिसलं. पण सरकारने दरसाल, सगळ्या देशात करावं असं सर्वेक्षण अजून नाही. ते झालं तर मावशीसारख्यांची गणती पहिल्यांदा होईल.

आता वहीचं दुसरं पान. सोलापूरला ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. नाव सगळ्यांना माहीत, अर्थ फार थोड्यांना. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींच्या माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. गुन्हा केलेला नसतानाही नाव रजिस्टरात. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि ही माणसं ‘विमुक्त’ झाली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं आली, साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, अभ्यासक्रमात लागली. पण सराईत गुन्हेगारांचे राज्याराज्यांचे कायदे मागे राहिले, आणि ठाण्यातल्या जुन्या यादीची सवय राहिली.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका पालावर एक पारधी आजी मला म्हणाली, ‘‘चोरी कुठं बी होऊ दे, जीप आधी आमच्या पालावर. पोरगं हागायला गेलेलं असलं तरी पळालं म्हणत्यात.’’ आणि जरा वेळाने, पोराचं नाक पुसता पुसता, ‘‘मागल्या साली आमच्या चार शेळ्या गेल्या. कोण लिहून घेतंय? म्हणले, तुम्हीच कुणाच्या तरी आणलेल्या असतील.’’

या लेखासाठी हिंडताना ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच वहीत त्या आजीची तक्रार लिहिली जात नाही आणि तिच्या नातवाचं नाव मात्र चटकन लिहिलं जातं. मग तीच वही समोर ठेवून, अमुक वस्तीत, अमुक जातीत गुन्हेगारी जास्त, असं म्हटलं जातं. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली पाऊण, म्हणजे ४ लाख ३४ हजार, कच्चे कैदी होते. ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, अशी. अनुसूचित जातींचं तुरुंगातलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. जामिनाला पैसे नसणं, ओळखीचा वकील नसणं, पत्ता म्हणून पाल असणं, हे त्या आकड्यात मिसळलेलं आहे आणि वेगळं काढून कुणी दाखवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जातीवरून कैद्यांना झाडू किंवा स्वयंपाक वाटून देणारे तुरुंगांचे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. रकाना काढला म्हणून जीप पालावर जायची थांबत नाही, हे मलाही कळतं. तरी तो निकाल वाचताना मला त्या आजीची आठवण आली आणि बरं वाटलं.

मावशीचं पुढे असं झालं. तिच्या भिशीत बारा जणी. पाटलीची गोष्ट निघाली तेव्हा एकीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्याच स्टँडवर, चार महिन्यांपूर्वी, बोरमाळ : गहाळ. दुसरी म्हणाली, माझं मंगळसूत्र दिवाळीच्या गर्दीत गेलं, माझ्याकडेही असाच दाखला आहे. तीन बायका, एकच स्टँड, एकच दार, सकाळची एकच वेळ, आणि तीनदा ‘हरवलं’. तीन चोऱ्या लिहिल्या असत्या, तर साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशात स्टँडवर तीन टाचण्या दिसल्या असत्या आणि सकाळच्या गाड्यांना एखादी महिला पोलीस उभी राहिली असती. हरवलेल्या वस्तूंसाठी बंदोबस्त कोण लावतो?

तिघींनी मिळून पोलीस अधीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला. ठाण्याने नोंद घेतली नाही तर लेखी हकीकत अधीक्षकांना पाठवता येते, ते कायद्यातच आहे. मसुदा मी करून देतो म्हणालो, तर मावशीने ऐकलं नाही. शाळेतल्या मास्तरणीचं अक्षर तिचं, तिनेच लिहिला, तिघींनी सह्या केल्या, पोस्टात जाऊन रजिस्टर ए.डी. केला. अठरा दिवसांनी ठाण्यातून फोन आला. तेच टेबल होतं, त्याच ठाणे अंमलदारांनी पुन्हा पाणी मागवलं. जबाब घ्यायला दोन तास लागले. कुठली गाडी, कुठलं दार, कोणता हात, पाटलीवर नक्षी कोणती. मावशीने नक्षी बोटाने टेबलावर काढून दाखवली.

टाइप केलेली फिर्याद तिने चष्मा लावून दोनदा वाचली. मग माझ्याकडे सरकवली. ‘‘पडली असं कुठं राहिलंय का बघ रे.’’

नव्हतं. ‘उजव्या हातातील सोन्याची पाटली कोणीतरी अज्ञात इसमाने कापून चोरून नेली’ असं होतं. तिने सही केली आणि प्रत मागून घेतली.

पाटली अजून मिळालेली नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानावर, गॅस लावल्याच्या तारखेखाली, तिने निळ्या पेनने गु.र.नं. लिहून ठेवला आहे. वर्ष संपलं तरी ते पान तिने फाडलेलं नाही.